अनुभवी खेळाडूचे अकरा पराभव

१

संघप्रिया तळभंडारे हिच्यावरचा आरोप एका वाक्यात मावत होता. दोन फेब्रुवारी ते पंचवीस मार्च या काळात ती अकरा सामने जाणूनबुजून हरली, असे कंपनीच्या पत्रात लिहिले होते. पत्राखाली कोणाचीही सही नव्हती.

तीस मार्चच्या संध्याकाळी ते पत्र फोनमध्ये घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली, तेव्हा मी दोन्ही हातांनी नळी धरून पिंप भरत होते. मी तिला थांबायला सांगितले. जुळे सोलापुरात पाणी आलेले असताना दुसरे कोणतेही काम निकडीचे नसते. “आमच्याकडं काल येऊन गेलं,” असे म्हणून तिने न सांगता नळीचे दुसरे टोक हातात घेतले. पिंप भरले, मोटर बंद केली, स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती नेहमीप्रमाणे गोल काढला, आणि मग मी पत्र वाचायला घेतले.

मी एकतीस वर्षे संख्याशास्त्र शिकवले. संघप्रिया माझी विद्यार्थिनी. आता ती सत्तावीस वर्षांची असून एका खासगी प्रयोगशाळेत हंगामी नोकरी करते आणि गेली सात वर्षे ‘किल्लेदार’ नावाचा खेळ ऑनलाइन खेळते. तीन विरुद्ध तीन. जो संघ आधी पंधरा फेऱ्या जिंकेल त्याचा सामना. प्रत्येक खेळाडूला त्याच्या कौशल्यानुसार एक आकडा मिळतो. त्याला ते रेटिंग म्हणतात. कंपनीची यंत्रणा तिघांच्या रेटिंगची सरासरी काढून तेवढ्याच सरासरीचा प्रतिस्पर्धी शोधून देते. तत्त्व निर्दोष आहे. संघप्रियाचे रेटिंग चोवीसशेच्या वर होते, जिल्ह्यात सर्वाधिक.

पुण्याच्या एका संघाने तिला पगारी खेळाडू म्हणून घ्यायचे कबूल केले होते. अट एकच होती: तीन एप्रिलला खाते चालू आणि आकडा तेवीसशेच्या वर असावा. सत्तावीस मार्चला कंपनीने खाते गोठवले. अपिलाची मुदत तीन एप्रिल, संध्याकाळी सहापर्यंत होती.

“पुढच्या वर्षी मी अठ्ठावीसची होईन, मॅडम,” ती म्हणाली. “या खेळात अठ्ठावीसला कोणी बोलवत नाही.”

त्या काळात ती एकूण अडतीस सामने हरली होती. पण कंपनीने त्यांतले अकराच वेगळे काढले होते, कारण ते ठरावीक अंतराने आले होते. प्रारंभी बारा-तेरा फेऱ्यांचा फरक. पुढे तो घटत जाऊन शेवटच्या दोन सामन्यांत चार आणि तीन. कंपनीचे स्पष्टीकरण असे: अनुभवी खेळाडू सोपे प्रतिस्पर्धी मिळावेत म्हणून अधूनमधून हरतो, आणि पकडले जाऊ नये म्हणून हळूहळू सावध होतो. तिच्या नेमबाजीची अचूकता हरलेल्या सामन्यांतही तसूभर कमी झालेली नव्हती. तीही तिच्याविरुद्ध धरली होती: कौशल्य शाबूत ठेवून हरणे म्हणजे हेतू सिद्ध झाला.

अचूकता घसरली असती तर ती मुद्दाम घसरवली, असे लिहिले गेले असते. जो आरोप कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू शकत नाही, त्याविषयी मला पूर्वीपासून संशय वाटतो.

“तू हरलीस का मुद्दाम?”

“नाही.”

तिला चार वर्षे शिकवताना मी तिला एकदाही उत्तर माहीत नसताना हात वर करताना पाहिले नव्हते. ती खरे बोलत असेल, तर अकरा वेळा कोणीतरी तिला हरवले होते. आणि ते विरुद्ध बाजूचे कोणी नव्हते. विरुद्ध बाजू दर वेळी वेगळी होती. बाकी राहिले तिच्या बाजूचे दोघे.

२

पण त्या दोघांकडे जाण्याआधी मी महिपतीकडे गेले. सात रस्त्याजवळ त्याचे गेमिंग सेंटर आहे: आठ संगणक, दोन पंखे, भिंतीवर त्याचेच जुने चषक. वय छत्तीस. एके काळी जिल्ह्यातला पहिला क्रमांक त्याचा होता. तो संघप्रियाने घेतला. तक्रार करायला कारण असलेला माणूस म्हणून त्याचे नाव माझ्या वहीत पहिले होते.

त्याने मला खुर्ची दिली, ती पुसली, आणि संशयिताने द्यावे त्याच्या नेमके उलटे उत्तर दिले. तक्रार करायची त्याची फार इच्छा होती, पण गरजच पडली नाही. ही पत्रे कोणाच्या तक्रारीवरून येत नाहीत. यंत्र आपले आपण काढते. त्यालाही दोन वर्षांपूर्वी असेच एक आले होते. ते त्याने चौकट करून काउंटरमागे लावले होते. मजकूर जवळजवळ शब्दशः तोच. सहीची जागा तशीच कोरी.

त्याचे ठाम मत होते की प्रतिस्पर्धी शोधून देणारी ही जुळवणी जुन्या खेळाडूंना मारते. मी त्याला थांबवले. बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळाला तर प्रत्येक जण निम्मे सामने हरणार; नवखाही आणि अनुभवीही. याला अन्याय म्हणत नाहीत. जुळवणी बरोबर झाल्याची ती खूण आहे.

“निम्म्याचं दुःख न्हाई हो, मॅडम,” महिपती म्हणाला. “नवा गडी चुकला तर ‘चुकला’ म्हनतात. मी चुकलो तर ‘मुद्दाम चुकला’ म्हनतात. तुमी गणिताच्या, तुमीच सांगा, ह्याला काय म्हनायचं?”

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले.

दुसरी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली. आकडा जेवढा मोठा, तेवढी त्या आकड्याची माणसे कमी. दुपारी खेळायला बसले तर पाऊण तास प्रतिस्पर्धीच मिळत नाही. संघप्रियाच्या संघाला फक्त संध्याकाळी सहा ते सातमध्ये सामना मिळतो, तोही दहा-बारा मिनिटे वाट पाहून. “आन एकदा लागला की घर पेटलं तरी उठायचं न्हाई. एक जन उठला की तिघांना दंड.”

मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत आला. “होटगीला जाऊन या,” तो म्हणाला. “संघप्रियाच्या जागेसाठी पुण्याहून फोन आलाय. वैष्णवीला.”

३

वैष्णवी संघातली दुसरी खेळाडू. वय एकवीस, रेटिंग दोन हजार पन्नास, बी.एस्सी.चे शेवटचे वर्ष. वडील रेल्वेत, घर होटगी जंक्शनपासून दहा मिनिटांवर. मी एक एप्रिलला सकाळच्या गाडीने गेले. तिने मला ओळखले आणि मी कशासाठी आले तेही ओळखले.

“संशय घ्यायला आलाय न्हवं? घ्या की. आदी पाणी घ्या. बोअरचं हाय, जरा खारट लागंल.”

मी पाणी प्यायले. खरोखरच खारट होते. तिने सांगितले की पुण्याचा फोन अठ्ठावीस तारखेला, म्हणजे खाते गोठवल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तिचे वय पाहून त्यांनी आकड्याची अट सैल केली होती. तिने होकार दिला नव्हता. नकारही दिला नव्हता.

“न्हाय म्हनले असते तर तुमाला बरं वाटलं असतं,” ती म्हणाली. “पन मला जायचंय, मॅडम. ताईची जागा गेली तरच मला मिळनार, हे मला कळतंय. म्हनून मी तिला घालवली असं हुत न्हाय.”

हेतू आणि कृती यांत फरक असतो, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे. कोणी विद्यार्थ्याने मला ते सांगण्याची ही पहिलीच वेळ.

या खेळात प्रत्येकाला फक्त स्वतःचे आकडे दिसतात. जोडीदारांचे दिसत नाहीत. वैष्णवीने स्वतःचे सगळे आकडे न मागता माझ्यासमोर ठेवले. अकरा सामने आणि इतर सामने यांत मला तपासण्यासारखा कोणताच फरक सापडला नाही. ती त्या अकराही दिवशी जशी नेहमी खेळते तशीच खेळली होती. संघप्रियाही. तिघांपैकी दोघे नेहमीसारखे खेळले आणि संघ तेरा फेऱ्यांनी हरला, तर तिसऱ्याविषयी विचारावे लागते.

तिसरा शिवराज, वय एकतीस, रेटिंग सतराशे. तो त्या दिवशी कसा खेळायचा, असे मी विचारले.

“वाईट. लई वाईट. पन सतराशेवाला असतोयच की तसा, एक दिवस बरा, एक दिवस वाईट. आमी काय बोलत न्हवतो. पन एक हाय. एरवी दादाची बडबड चालू असती. त्या दिवशी माईक बंद असायचा.”

“कोणत्या दिवशी?”

“हरायच्या दिवशी.”

४

शिवराज दुचाकींच्या शोरूममध्ये विम्याच्या टेबलावर बसतो. घर माझ्याच भागात, चार गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर. मी त्याच संध्याकाळी गेले. त्याची बायको संस्कृती हिने ताकाचा पेला आणून दिला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

शिवराजने सगळ्या प्रश्नांची उत्तरे लगेच दिली, हे मला आवडले नाही. माईक नेटवर्कमुळे बंद पडतो. जुने आकडे नाहीत, कारण मागच्या आठवड्यात फोन साफ करावा लागला. फोन मागच्या आठवड्यात नेमका कोणत्या दिवशी साफ केला, असे विचारल्यावर तो म्हणाला, अठ्ठावीस तारखेला. म्हणजे संघप्रियाला पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी. हे त्याच्याही लक्षात आले असावे, कारण मग त्याने रुमाल काढून मान पुसली.

संघप्रियाबद्दल तो मनापासून बोलला. तिला पुण्याला पोचवायला स्टेशनवर जायचे त्याने ठरवले होते, हारसुद्धा सांगून ठेवला होता. असा माणूस तिला का हरवेल? मी त्याला शेवटचा सामना सांगायला लावले, पंचवीस मार्चचा. निर्णायक फेरीत काय झाले?

“उत्तर दरवाज्यातून आले तिघं,” तो म्हणाला. “आम्ही आवरेपर्यंत संपलं.”

“दक्षिण,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “दोघंच आले. तिसरा बुरुजावर थांबला होता.”

ताक हलवणारा माझा चमचा पेल्यात थांबला. शिवराज हसला, त्या हसण्यात काही दम नव्हता. “बघत बसती शेजारी,” तो म्हणाला.

शेजारी बसून बघणाऱ्याला कोण जिंकले ते आठवते. तिसरा गडी कुठे थांबला होता, हे ज्याला त्याच्यापासून वाचायचे असते त्याला आठवते. पण यावरून मला फक्त तिने तो सामना खेळला असावा, एवढेच म्हणता येत होते. अकरा वेळा, ठरावीक अंतराने, आणि का, हे नाही.

घरी येऊन मी पाणी पिण्यासाठी स्वयंपाकघरात गेले आणि पिंपाचे झाकण उघडले. पाणी अर्ध्यावर आले होते. चार तारखेपर्यंत पुरवायचे होते. किती दिवस राहिले ते मोजायला मी दिनदर्शिकेकडे वळले, आणि पेला हातात तसाच राहिला.

फेब्रुवारी: दोन, सात, बारा, सतरा, बावीस. मग जलवाहिनी फुटली म्हणून एक दिवस उशिरा, अठ्ठावीस. मार्च: पाच, दहा, पंधरा, वीस, पंचवीस. माझ्याच हाताने काढलेले अकरा गोल.

५

माणसे ठरवून हरायला बसली तर आठवड्याचा वार धरतील, सुट्टी धरतील. पाच दिवसांचे चक्र धरणार नाहीत. आणि धरलेच तरी बावीस तारखेनंतर जलवाहिनीसाठी एक दिवस थांबणार नाहीत. संघप्रिया बुधवार पेठेत राहते; तिच्याकडे पाणी आमच्या आदल्या दिवशी येते, हे तिने नळी धरतानाच सांगितले होते. वैष्णवीकडे बोअर आहे. हे अकरा गोल फक्त आमच्या भागाचे होते, आणि त्या संघातला आमच्या भागातला माणूस एकच होता.

दोन एप्रिलला मी दिनदर्शिका खिळ्यावरून काढली आणि पिशवीत घालून शिवराजकडे गेले. ती टेबलावर उघडून ठेवली. संस्कृती आतून आली, तिने तारखा पाहिल्या, आणि स्वतःच्या भिंतीकडे पाहिले. तिथेही तेच गोल होते; तिचे लाल शाईचे होते.

मग शिवराजने सांगितले. पाणी सव्वासहा ते सात यांत कधीही येते, जेमतेम पन्नास मिनिटे टिकते. खालच्या टाकीत उतरलेले पाणी मोटर लावून वर चढवायचे, मोटर हवा ओढू लागली की बंद करायची, वरच्या भाडेकरूंच्या घागरी भरून द्यायच्या. संस्कृतीच्या पाठीचे दुखणे असल्याने हे काम त्याचे. आणि नेमका त्याच तासात बारा मिनिटे ताटकळून सामना लागलेला असे. उठले तर तिघांना दंड. म्हणून पहिल्या वेळी त्याने फोन बायकोच्या हातात दिला आणि सांगितले, नुसते बोट हलवत राहा. माईक बंद केला, कारण तिच्या बांगड्या वाजत.

“एका मॅचनं काय हुतंय, असं वाटलं,” तो म्हणाला. “पाच दिवसांतनं एक.”

संस्कृती खाली बसली होती. तिने डी.एड. केले आहे, तीन वर्षांपासून शिक्षक भरतीची वाट पाहते आहे. ती माझ्याकडे न पाहता बोलली.

“पहिल्यांदा दोनच फेऱ्या मिळाल्या होत्या. मग मी दुपारी माझ्या फोनवर सराव करायला लागले, यांना न सांगता. शेवटी तीनच फेऱ्यांनी हरलो, मॅडम. मला वाटलं, पुढच्या पाण्याला जिंकू.”

तेरा, बारा, अकरा, दहा, नऊ, नऊ, सात, सहा, सहा, चार, तीन. कंपनीला या आकड्यांत सावध होत गेलेली लबाडी दिसली होती. मी असे हजारो आलेख पाहिले आहेत. तो शिकणाऱ्या माणसाचा आलेख होता. जाणूनबुजून हरणारा माणूस शिकत नाही. त्याला शिकायचे काही नसते.

६

आता एकच प्रश्न उरला होता. बोटे संस्कृतीची, खाते शिवराजचे. मग गोठवले संघप्रियाचे का?

याचे उत्तर महिपतीने पहिल्याच दिवशी दिले होते. सतराशेच्या खेळाडूची कामगिरी मुळातच खालीवर होत असते. दर पाचव्या दिवशी तो ढासळला तर ते त्या नेहमीच्या चढउतारात बुडून जाते. यंत्रणेने त्याला माफ केले. त्याच्या जोडीदारांनीही तेच कारण देऊन माफ केले होते. चोवीसशेच्या खेळाडूकडून मात्र यंत्रणेची अपेक्षा नेमकी असते. संघ बुडाला की ती सर्वांत वरच्या आकड्याला विचारते, तू का वाचवला नाहीस? अपेक्षा जितकी नेमकी, तितका तिच्यापासूनचा फरक ठळक. संघप्रियाविरुद्ध यंत्रणेकडे असलेला पुरावा म्हणजे तिचा सात वर्षांचा अनुभव. ती नवखी असती तर हे अकरा सामने कोणाला दिसलेही नसते.

जुळवणी अनुभवी माणसावर अन्याय करते का, याचे माझे उत्तर महिपतीहून थोडे वेगळे आहे. सामना जुळवताना करत नाही. सामना हरल्यावर, कारण ठरवताना करते.

तीन एप्रिलला दुपारी मी बुधवार पेठेत संघप्रियाकडे गेले. दारालगत एक भरलेली बॅग उभी होती, चेनला छोटे कुलूप. तिच्या आईने, केसरबाईंनी, ती महिन्यापूर्वीच भरली होती. संघप्रियाने माझे सगळे ऐकून घेतले. शिवराजवर ती चिडली नाही. फक्त विचारले, वहिनी दुपारी कोणत्या किल्ल्यावर सराव करायच्या. मग तिने कंपनीचे नियम उघडले आणि माझ्यापुढे धरले.

नियम चार: जाणूनबुजून हरल्यास त्या खेळाडूचे खाते कायमचे बंद. नियम नऊ: संघातील कोणीही आपला फोन दुसऱ्याच्या हाती दिल्यास संघातील सर्व खाती कायमची बंद, जबाबदारी संघनायकाची. संघनायक संघप्रिया होती.

“खरं लिहिलं तर नवव्यात जाते,” ती म्हणाली. “नाही लिहिलं तर चौथ्यात.”

“हो.”

“आणि नवव्यात वैष्णवीपण जाते.”

मी तिच्यासाठी तीन दिवस पुरावा गोळा केला होता. तो पूर्ण होता, त्यात कोठेही छिद्र नव्हते, आणि त्याचा उपयोग फक्त तिच्याबरोबर एका निर्दोष मुलीला बुडवण्यासाठी होणार होता. माझ्या व्यवसायात सत्य सापडले की काम संपते, असे मी समजत आले होते.

आम्ही तिसरा मार्ग काढून पाहिला. नावे न घेता फक्त आकडे मांडले: घटता फरक, स्थिर अचूकता, पाच दिवसांचे चक्र, आणि हे हेतूपेक्षा बाहेरच्या कारणाचे लक्षण आहे असा निष्कर्ष. दोन पाने. प्रत्येक शब्द मी तपासला. केसरबाई चहा घेऊन आल्या आणि आमच्या मागे उभ्या राहिल्या.

“फोनवर कुणाशी बोलता येत न्हाई का, मॅडम? मानूस असंल की तितं कुनीतरी.”

मी पत्त्याची जागा, संपर्काची जागा, सगळे पुन्हा एकदा पाहिले होते. माणूस नव्हता. तसे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान हलवली. रेशनच्या दुकानात ‘आज नाही’ ऐकल्यावर हलवावी तशी.

पाच वाजून बावीस मिनिटांनी संघप्रियाने अपील पाठवले. उत्तर पाच वाजून बावीस मिनिटांनीच आले. ‘आपल्यासारख्या अनुभवी खेळाडूकडून बाह्य कारणांचे योग्य नियोजन अपेक्षित आहे. निर्णय कायम. आपल्याला नवीन खाते उघडण्यास हरकत नाही.’

केसरबाईंनी ते वाचून दाखवायला सांगितले. वाचून झाल्यावर त्यांनी बॅग दारातून उचलली आणि कॉटखाली सरकवली. कुलूप काढले नाही.

संघप्रियाने वैष्णवीला फोन लावला आणि एवढेच म्हणाली, “जा तू. होकार कळव.” पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही.

७

चार एप्रिलला आमच्याकडे पाणी आले. सहा वाजून चाळीस मिनिटे. शिवराज माझ्याकडे आला, माझे पिंप भरून दिले, मोटर पाहिली, आणि स्वतःच्या घरी पाणी चढवायला गेला. त्याने खेळ फोनमधून काढून टाकला आहे, असे संस्कृतीने नंतर सांगितले.

संघप्रिया माझी दिनदर्शिका परत द्यायला आली होती. आदल्या दिवशी तारखा दाखवायला नेलेली ती तिच्याकडेच राहिली होती. मी ती खिळ्याला लावून चारवर गोल काढला. ती बैठकीत बसली आणि तिने फोन काढला. नवीन खाते उघडले होते. आकडा एक हजार, सगळ्यांचा सुरुवातीला असतो तोच. एकट्याने खेळायचे सामने असतात, त्यांतला पहिला चार सेकंदांत लागला. नवख्यांना वाट पाहावी लागत नाही.

मी तिच्या मागे उभी राहिले. तिचे बोट इतक्या वेगाने फिरत होते की मला पडद्यावरचे काही कळत नव्हते. तिने पहिल्या आठ फेऱ्या सरळ घेतल्या. मग बोट थांबले.

“काय झालं?”

“लवकर जिंकले तर कळतं त्यांना,” ती म्हणाली. “अनुभवी माणूस नव्या खात्यात लपलाय म्हणून. त्यालाही नियम आहे, मॅडम. सहा.”

ती पुढे खेळत राहिली. समोरचा प्रतिस्पर्धी उघड्यावर उभा होता, मलासुद्धा दिसला. तिने नेम धरला, किंचित डावीकडे सरकवला, आणि सोडला. गोळी भिंतीत गेली. पुढच्या फेरीतही गेली. ती ते काळजीपूर्वक करत होती, जसे ती सगळे काही करते. प्रत्येक चूक वेगळी, एकही दुसरीसारखी नाही.

ती तीन फेऱ्यांनी हरली. एकतीस वर्षांतल्या ओळखीच्या-अनोळखी विद्यार्थ्यांत उत्तर येत असताना चुकीचे लिहिणारे कोणी मी तोपर्यंत पाहिले नव्हते.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ आली: ‘सामना योग्य झाला. प्रतिस्पर्धी आपल्या बरोबरीचा होता.’

संघप्रियाने फोन टेबलावर पालथा ठेवला. बाहेर नळाचा आवाज बारीक होत गेला आणि मोटर हवा ओढू लागली. ती उठली आणि बटण बंद करायला गेली.